‘इन्स्टॉल’ फाइलमधल्या शिळ्या ओळी

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर सोर्सकोडपासून स्वतः बांधून बसवायचं असेल, तर त्याच्यासोबत ‘इन्स्टॉल’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल येते. ती फाइल, आणि तिच्यावरून आपण आपापल्या ऑफिसात ज्या पायरीवार नोंदी करून ठेवतो त्या, अद्ययावत ठेवायच्या म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल बोलू.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत. १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू इलोनेन यांनी ती पहिल्यांदा लिहिली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते, ते निमित्त. ओपनएसएसएच आलं १९९९ च्या डिसेंबरात, ओपनबीएसडी २.६ बरोबर. ओपनबीएसडीवर ते मूळ सिस्टीमचाच भाग आहे, वेगळं बसवावं लागत नाही. लिनक्स, सोलारिस वगैरेंसाठी ‘पोर्टेबल’ आवृत्ती निघते, आणि ही इन्स्टॉल फाइल तिची.

आता मुद्दा बघा. माहितीतली ओळ शिळी झाली की काय होतं? एक प्रकार असा की काम तिथेच अडतं. उदाहरणार्थ, २०२३ मधल्या ९.४ आवृत्तीपासून ओपनएसएसएल असेल तर किमान १.१.१ लागतं. तुमच्या नोंदीत जुना आकडा असेल तर कॉन्फिगर तिथेच थांबतो आणि कारणही सांगतो. वैताग येतो, पण धोका नाही. मला हा प्रकार फारसा चिंतेचा वाटत नाही.

चिंतेचा आहे तो दुसरा: ओळ शिळी आहे आणि तरीही सगळं सुरळीत चाललेलं दिसतं.

टीसीपी रॅपर्स घ्या. पूर्वी इन्स्टॉल फाइलमध्ये ‘विथ टीसीपी रॅपर्स’ असा एक पर्याय होता. तो देऊन सॉफ्टवेअर बांधलं की होस्ट्स डॉट अलाऊ आणि होस्ट्स डॉट डिनाय या दोन फाइलींत कोणत्या पत्त्यावरून आत येऊ द्यायचं आणि कोणत्या नाही, हे लिहिता यायचं. २०१४ च्या ६.७ आवृत्तीत ही सोय मूळ ओपनएसएसएचमधून काढून टाकली. आता समजा, जुन्या नोंदीप्रमाणे कोणी आजही तोच पर्याय दिला. काय होईल? एरर येईल असं वाटतं ना? नाही येत. ऑटोकॉन्फने बनवलेला कॉन्फिगर ‘हा पर्याय ओळखीचा नाही’ एवढा इशारा छापतो आणि पुढे जातो. ‘हे तपासतोय, ते तपासतोय’ अशा शेकडो ओळी स्क्रीनवरून सरकत असतात, त्यात तो इशारा कोण वाचतो! मेक होतं, मेक इन्स्टॉल होतं, लॉगिनही होतं. डिनाय फाइल जागेवर आहे, तिच्यात नियम लिहिलेले आहेत, आणि त्यांच्याकडे कोणीही बघत नाही. दाराला कुलूप दिसतंय, पण कडी लावलेलीच नाही.

यात आणखी एक गुंता आहे. डेबियनने स्वतःचा पॅच लावून ही सोय पुढेही बरीच वर्षं चालू ठेवली. त्यामुळे ‘आमच्याकडे तर चालतं’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे पॅकेज आहे, तुम्ही सोर्स घेतलाय.

म्हणून दुरुस्ती करताना ती ओळ नुसती खोडून भागत नाही. तिच्या भरवशावर असलेल्या माणसाला पुढचा रस्ता दाखवावा लागतो: ही सोय गेली, पत्त्यांची बंधनं आता फायरवॉलमध्ये घाला, किंवा एसएसएचडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅच अ‍ॅड्रेस’ वापरा. एवढं एक वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात.

असाच दुसरा सापळा जागेचा. काहीच न सांगता बांधलं तर सर्व्हर ‘यूएसआर लोकल’च्या आत बसतो, आणि त्याची कॉन्फिग फाइलही तिथल्याच ‘ईटीसी’मध्ये. लिनक्सवाल्यांचा हात मात्र सवयीने मुख्य ‘ईटीसी’मधल्या ‘एसएसएच’ फोल्डरकडे जातो. तिथे पासवर्ड लॉगिन बंद केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि नवा सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. इन्स्टॉल फाइलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. ऑफिसच्या नोंदीत उतरवताना नेमकं तेच वाक्य गळतं.

२०२४ च्या जुलैत ९.८ आली. रेग्रेसएसएच म्हणून गाजलेली त्रुटी तिच्यात दुरुस्त झाली, त्यामुळे पुष्कळांना ती लगेच बसवायची होती. पण त्याच आवृत्तीत सर्व्हरचे दोन तुकडे झाले: एसएसएचडी फक्त जोडणी ऐकतो आणि पुढचं काम ‘एसएसएचडी सेशन’ हा वेगळा प्रोग्राम करतो. ‘एसएसएचडीची फाइल तेवढी कॉपी करा’ असं ज्यांच्या नोंदीत होतं त्यांचा सर्व्हर सुरूच होणार नाही. हे बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. पण लॉगमधल्या काही ओळींवर आता नवं नाव येतं. चुकीचे पासवर्ड मोजून पत्ता ब्लॉक करणारं एखादं साधन जुनंच नाव शोधत असेल, तर ते गप्प बसून राहील. इन्स्टॉलेशनच्या नोंदीत लॉगबद्दल कशाला लिहायचं, असं कोणी म्हणेल. माझ्या मते लिहायलाच हवं.

मग तपासायचं कसं? नुसतं वाचून नाही. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःच्या डोक्यातलं काही घालायचं नाही. कॉन्फिगरचे सगळे इशारे एका फाइलमध्ये साठवून सावकाश वाचायचे. शेवटी नव्या एसएसएचडीचा पूर्ण पाथ देऊन, पुढे हायफन आणि कॅपिटल टी लावून चालवायचं. कोणत्या सेटिंग्ज खरोखर लागू आहेत, ते तो छापून देतो. आणि ज्या गोष्टीला आपण मनाई केलीय, ती मुद्दाम करून बघायची. लॉगिन झालं ही अर्धीच चाचणी. ज्याला अडवायचं होतं तो अडला का, ही उरलेली अर्धी.

आणि हो, चालत्या सर्व्हरवर हे करणार असाल तर आधीचं एक लॉगिन उघडंच ठेवा. नवीन खिडकीतून आत जाता आलं, की मगच ते बंद करा.