बंदूक लाथ का मारते?

आमच्या पवन मावळात भाताच्या खाचरांत रानडुकरे उतरू लागली, की आजोबांना आपली तरुणपणीची ठासणीची बंदूक आठवते. एकदा दारू जरा जास्त ठासली गेली. डुक्कर पळाले ते पळालेच, पण आजोबांचा खांदा मात्र आठ दिवस सुजला होता! "बंदूक लाथ मारते, पोरी," हे त्यांचे वाक्य मनात घेऊनच मी राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात प्रथम रायफल हाती घेतली. व्हायचे तेच झाले. चाप ओढण्यापूर्वीच माझे डोळे मिटले, खांदा आखडला आणि पाचही गोळ्या लक्ष्याबाहेर गेल्या.

वास्तविक ती रायफल .२२ ची होती. तिचा धक्का नावालाच. मग हा धक्का येतो तरी कोठून? न्यूटनच्या नियमाप्रमाणे गोळीला पुढे जो रेटा मिळतो, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. .२२ ची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. जुन्या .३०३ ची गोळी ११ ग्रॅमची आणि वेग ७४० मीटर. केवळ गोळीचाच हिशेब धरला, तरी रेटा जवळजवळ दसपट!

म्हणून खांद्याला सुखाची रायफल निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. काडतूस बेताचे असावे, रायफल अगदी हलकी नसावी, कारण जड रायफल सावकाश मागे येते (अर्थात ती घेऊन लोहगड चढायचा झाला, तर हे सुख महाग पडेल!); आणि दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळणारा, खांद्याच्या खोबणीत घट्ट बसणारा असावा.

जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ ची, म्हणजे बेताच्या धक्क्याचीच होती. मात्र धक्का नको म्हणून .२२ ने डुकरावर गोळी झाडणे हे क्रौर्यच. जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते दिवसही सरले. आज नुकसान करणाऱ्या डुकरालाही परवानगीवाचून मारता येत नाही.

.२२ चे खरे क्षेत्र म्हणजे नेमबाजीचे मैदान. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे याच काडतुसावर जगज्जेत्या ठरल्या. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तथापि धक्का कमी म्हणून धोका कमी, असे कोणी समजू नये. ही इवलीशी गोळी किलोमीटरहून अधिक दूर जाते.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी मला तासभर रिकाम्या रायफलीचा चाप ओढायला लावला. नंतर पाचांपैकी तीन गोळ्या लक्ष्यावर लागल्या. घरी सांगताच आजोबा हसून म्हणाले, "म्हणजे लाथ बंदुकीची नव्हती, भीतीची होती!"