न घडलेल्या वस्तूची आगाऊ नोंदणी

जपानी दुकानाच्या यादीत एका फिगरचे दहा-बारा फोटो असतात, शेजारी येनमधली किंमत आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: छायाचित्रातली वस्तू नमुना आहे, प्रत्यक्ष माल थोडा वेगळा असू शकतो. ही ओळ सगळ्यात आधी वाचावी. जे दिसतंय ते विकायला नाही, आणि जे विकायला आहे ते अजून जगात कुठेच नाही. रंगवलेला एकुलता एक नमुना कंपनीच्या कपाटात आहे. माझ्या घरी येणारी प्रत साच्यातून निघायला सहा-आठ महिने, कधी वर्षाहूनही जास्त अवकाश आहे. नोंदणी मात्र महिना-दीड महिन्यात बंद होणार.

पेणहून गणपती आणणाऱ्या घरांना आगाऊ नोंदणी नवी नाही. पण तिथे कारखान्यात जाऊन कच्ची मूर्ती बघता येते, आखणी कुणाच्या हातची हे विचारता येतं, ‘जरा मोठे डोळे करा’ असंही सांगता येतं. इथे मूर्तिकार जपानमध्ये, कारखाना बहुधा चीनमध्ये किंवा व्हिएतनाममध्ये आणि गिऱ्हाईक पुण्यात. हातात फक्त फोटो. म्हणून या छंदाला पैसा लागतो त्याहून जास्त नजर लागते, असं माझं मत आहे. पैसाही लागतोच, त्याकडे येते.

फिगर म्हणजे अ‍ॅनिमे, मांगा किंवा व्हिडिओ गेममधल्या पात्राची प्लॅस्टिकची मूर्ती. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ बघत वाढलेल्या आमच्या पिढीला हे पात्रप्रेम समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या आईवडिलांना लागतं. फिगरमध्ये जाती आहेत. ‘स्केल’ म्हणजे प्रमाणात घडवलेली, एका पवित्र्यात कायमची उभी मूर्ती. १/७ स्केल म्हणजे पात्राच्या उंचीचा सातवा हिस्सा, साधारण २२ ते २५ सेंटिमीटर. किंमत १५,००० ते ३०,००० येन, कधी त्याहूनही वर. ‘नेन्डोरॉइड’ म्हणजे मोठ्या डोक्याची, दहा सेंटिमीटरची, चेहरे आणि हात बदलता येणारी मूर्ती. गुड स्माइल कंपनीने २००६ मध्ये नेको आर्क नावाच्या मांजरमुलीपासून ही मालिका सुरू केली. आणि तिसरी जात ‘प्राइझ’ फिगरची. ही मुळात विकण्यासाठी नसतेच. जपानमधल्या गेम पार्लरमध्ये पंजाच्या यंत्रातून जिंकण्यासाठी ती बनते, आणि जिंकणारे ती जुन्या मालाच्या दुकानात देऊन टाकतात. दोन-तीन हजार येनला मिळते. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

स्केल फिगरचा जन्म मूर्तिकाराच्या टेबलावर होतो. पूर्वी ही मंडळी एपॉक्सी किंवा पॉलिएस्टरची पुटी, कागदी माती असल्या साहित्यात कोरून नमुना करायची. आता बरेच जण संगणकावर घडवतात आणि त्रिमित छपाईने बाहेर काढतात. तोक्योजवळच्या चिबा प्रांतात माकुहारी मेस्से या प्रदर्शनगृहात वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, ‘वंडर फेस्टिवल’ भरतो. तिथे हे नमुने पहिल्यांदा लोकांपुढे येतात, अनेकदा रंगाशिवाय, नुसते राखाडी. काहींशेजारी पाटी असते की मूळ हक्कधारकांची तपासणी चालू आहे. पात्र ज्यांचं, ते नाकाची टोकं आणि बटांची वळणं तपासत असतात. त्या दिवसाचे फोटो आमच्यासाठी पंचांगासारखे: पुढच्या दोन वर्षांत पाकीट कधी रिकामं होणार ते तिथे कळतं.

पुढे नमुना रंगतो, त्याचे फोटो निघतात आणि नोंदणी उघडते. याच टप्प्यावर नजर कामाला लागते.

मी आधी चेहरा बघत नाही. चेहरा सगळेच बघतात, कंपनीलाही ते माहीत असतं. आणि डोळे हाताने रंगवलेले नसतात, मऊ सिलिकॉनच्या ठशाने छापलेले असतात, त्यामुळे नावाजलेल्या कंपनीच्या मालात ते सहसा जागच्या जागी येतात. मी बघते घोटे. मूर्ती एका पायावर उभी असेल, वर केसांचा आणि झग्याचा पसारा असेल आणि सगळा भार एका बारीक घोट्यातून बैठकीत उतरत असेल, तर चार-पाच उन्हाळ्यांनी ती झुकणार हे धरून चालावं. अंग पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसी उष्णतेने नरमतं. तलवारी, बैठका असले ताठ भाग एबीएस या कडक प्लॅस्टिकचे करतात. मग बघते ती सांध्यांची रेघ. साचा दोन बाजूंनी मिटतो, तिथे शिवण उरते. चांगला मूर्तिकार ती बटेच्या आड किंवा कपड्याच्या चुणीत लपवतो. नमुन्यात शिवण नसतेच, म्हणून तुकडे कुठे पडतील याचा अंदाज आपणच करायचा. शेवटी रंगाच्या छटा. गुलाबीतून जांभळ्यात हळूहळू उतरणारा केसांचा रंग नमुन्यावर एका माणसाने फवाऱ्याने तासन्‌तास केलेला असतो. कारखान्यात तेच काम मुखवट्यासारखी पत्र्याची जाळी लावून, रांगेत बसलेले कामगार एकामागून एक करतात. छटा जितकी लांब, तितकी प्रत्यक्ष मालात उणीव यायची शक्यता जास्त. कोणत्या कंपनीचा जुना माल नमुन्याच्या किती जवळ आला होता, हे ज्याच्या लक्षात आहे तो खरा जाणकार.

पीव्हीसीचे साचे पोलादी असतात आणि त्यांचा खर्च मोठा असतो, म्हणून आधी नोंदणी घेऊन मग किती प्रती काढायच्या ते ठरतं. नोंदणी हुकली तर मूर्ती मिळत नाही असं नाही. पण ती मिळते दुसऱ्याच्या हातून, त्याच्या भावात. भाव दुप्पट झालेली फिगर बघून हळहळत बसावं, आणि मग एखाद्या दिवशी कंपनी त्याच साच्यातून पुन्हा प्रती काढायचं जाहीर करते आणि भाव एका रात्रीत खाली येतो. ज्यांनी आदल्या आठवड्यात दुप्पट मोजले, त्यांची तोंडं बघवत नाहीत.

अमीअमीसारख्या मोठ्या दुकानात परदेशी गिऱ्हाइकाने नोंदणीच्या वेळी पैसे द्यायचे नसतात. माल गोदामात आला की मागणीपत्र येतं. हे सोयीचं वाटतं, आणि तिथेच हिशेब बिघडतो. मार्चची मूर्ती महिनाअखेरीस मेवर जाते, एप्रिलची जूनवर, चिनी नववर्षाच्या सुटीत कारखाने बंद म्हणून फेब्रुवारीची आणखी पुढे. मग एका महिन्यात काहीच नाही आणि पुढच्या महिन्यात चार मागणीपत्रं. नोंदणी रद्द करण्याची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला दुकानं पुढे दारात उभं करत नाहीत, आणि माझ्या मते बरोबर करतात. मी एका वहीत प्रत्येक नोंदणीसमोर पेन्सिलने महिना लिहिते. पेनने कधीच नाही.

येनचा भाव गेल्या काही वर्षांत आमच्या बाजूने वळला. जुलै २०२४ मध्ये डॉलरला १६० हून अधिक येन पडत होते. १९८६ नंतर येन इतका स्वस्त झाला नव्हता. शंभर येन म्हणजे तेव्हा साधारण बावन्न रुपये. शिवाय निर्यातीच्या मालाला जपानमधला दहा टक्के उपभोग कर लागत नाही. या आनंदात बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर आपला तीन-साडेतीन टक्के वाटा आणि त्यावर जीएसटी कापून घेते, तेही मांडून ठेवावं.

मग पाठवणी. फिगर हलकी, पण तिचं खोकं मोठं: पुढे पारदर्शक खिडकी, आत मूर्तीच्या आकाराचं प्लॅस्टिकचं कवच, म्हणजे ब्लिस्टर, भोवती हवा. खासगी कुरिअर कंपन्या आकारमानाचं वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची. ४० गुणिले ३० गुणिले ३० चा कार्टन दीड किलोचा असला तरी ७.२ किलोचा ठरतो. म्हणजे हवेचं भाडं. जपानी पोस्टाची ईएमएस सेवा प्रत्यक्ष वजन धरते, आणि २०,००० येनपर्यंतच्या नुकसानभरपाईची हमी तिच्यात धरलेलीच असते. मोठी मूर्ती असेल तर मी डोळे मिटून पोस्ट निवडते, वेळ लागला तरी.

आता सीमाशुल्क. इथे छंदाची खरी परीक्षा.

खोक्यावर जपानी भाषेत छापलेलं असतं की ही वस्तू १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहे. पण कार्टनवरच्या पोस्टाच्या चिठ्ठीत दुकानदार प्रामाणिकपणे लिहितो: टॉय. खेळणं म्हटलं की भारतात गोष्ट वेगळी होते. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० वर. शुल्क नुसत्या किमतीवर नसतं. किंमत अधिक पाठवणीचा खर्च, त्यावर शुल्क, आणि या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. शंभराची वस्तू पावणेदोनशेच्या वर जाते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि जपानी मूर्तीवर ते कुठून येणार? दुसरीकडे, शुल्काच्या पुस्तकात प्लॅस्टिकच्या छोट्या मूर्ती आणि शोभेच्या वस्तूंचा वेगळा मथळा आहे, आणि वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालाचा आणखी वेगळा. तेच पार्सल कोणत्या मथळ्याखाली बसेल हे ज्याच्या टेबलावर ते उघडतं त्याच्यावर बरंचसं अवलंबून. सारख्याच किमतीच्या दोन मूर्तींवर वेगवेगळं शुल्क भरलेली माणसं आमच्यात सर्रास भेटतात.

‘भेटवस्तू म्हणून पाठवा’ हा जुना सल्ला आता कामाचा नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींना मिळणारी सूट सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली. त्या अधिसूचनेत दोनच अपवाद होते: जीवरक्षक औषधं आणि राखी. त्यातही राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही. हे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला घरी बहिणी असाव्यात. दुसरा सल्ला, दुकानदाराला किंमत कमी लिहायला सांगण्याचा. नामांकित दुकानं ते करत नाहीत. आणि केलं तरी पार्सल फुटलं की भरपाई त्या कमी किमतीचीच मिळणार. शुल्क किमतीचा भाग धरून हिशेब करावा आणि तो परवडत नसेल तर फोटो बघून समाधान मानावं. मी असं पुष्कळदा केलंय.

याला उतारा म्हणजे जुना माल. ‘जुना’ म्हणताना आपल्याकडचा जुना बाजार डोळ्यांपुढे आणू नका. जपानी दुकानांत मूर्तीला आणि खोक्याला वेगळी श्रेणी देतात. अमीअमीच्या यादीत ‘आयटम ए-वजा, बॉक्स बी’ असं दिसलं, तर मूर्ती उघडलेली पण जवळपास नवी, आणि खोक्याला किरकोळ मार. खाली टिपा असतात, आणि त्या वाचणं हा माझ्या लेखी या छंदातला सर्वांत सुखाचा भाग. ‘पायावर किंचित रंग उतरला आहे’ याचा अर्थ गडद मोज्यांचा रंग शेजारच्या गोऱ्या पीव्हीसीत मुरला. तो धुऊन जात नाही, तेव्हा घेऊ नये. ‘चिकटपणा’ म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर पाझरलंय. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतलं की बहुतेक वेळा जातं, तेव्हा खुशाल घ्यावी. ‘तंबाखूचा वास’ म्हणजे आधीचा मालक सिगरेट ओढायचा. आणि ‘बॉक्स बी’ तर आमच्यासाठी देणगीच, कारण तिथल्या दुकानदाराला जो कोपरा दबलेला वाटतो तो इथे भिंगानेच सापडतो.

नकली मालाबद्दल फार लिहीत नाही. हजार रुपयांत स्केल फिगर मिळत असेल तर ती नकली आहे, बस्स. कातडी तेलकट चमकते, बैठकीखाली हक्काची ओळ नसते, तोएई या अ‍ॅनिमे कंपनीच्या पात्रांच्या खोक्यावर तिचं चमकतं स्टिकर नसतं किंवा फिकट असतं. घेणाऱ्याने समजून घेतली तर माझं काही म्हणणं नाही. खरी सांगून विकू नये.

उघडण्याचंही तंत्र आहे. तलवारीची मूठ हातात बसत नसेल तर दाबायचं नाही. हेअर ड्रायरची ऊब मुठीला द्यायची, पीव्हीसी नरमतं, अलगद सरकवायचं, गार होऊ द्यायचं. उन्हाच्या खिडकीत ठेवायची नाही, रंग पिवळा पडतो. फार दिवस ब्लिस्टरमध्ये कोंडूनही ठेवायची नाही. वारा न लागल्याने तोच चिकटपणा येतो. कोकणातल्या दमट घरात तर हे आणखी सांभाळावं लागतं.

उरतं ते खोकं. श्रेणी मूर्तीला आणि खोक्याला वेगवेगळी, म्हणजे पुढेमागे विकायची झाली तर रिकाम्या खोक्याला खरोखर भाव आहे. ब्लिस्टर, तारा, बटांमधला पातळ प्लॅस्टिकचा कागद, सगळं जिथल्या तिथे घालून माळ्यावर. मूर्ती कपाटाच्या एका फळीवर मावतात, खोक्यांना मात्र अख्खा माळा लागतो. आईने परवा रद्दीवाल्याला वर चढवलं होतं. “अगं, रिकामीच तर आहेत,” ती म्हणाली. मी तिला एका खोक्याविना विकल्या गेलेल्या मूर्तीचा भाव दाखवला आणि शेजारी खोक्यासकट विकलेल्या त्याच मूर्तीचा. तिने दोन्ही आकडे वाचले, वजाबाकी केली, आणि रद्दीवाल्याला फक्त वर्तमानपत्रं नेऊ दिली.