धानाचें तणस आणि पाचक विकरें

१९८२ सालीं गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला. तरी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल येथपासून वडसा-आरमोरीपर्यंतचा मुलूख धानाचाच आहे आणि तेथील गुरांची मुख्य वैरण धानाचें तणस हीच होय. उन्हाळ्यांत जंगलांतील चराई आटते आणि मृगाच्या पावसाबरोबर चिखलणीस बैल जुंपावयाचे, तेव्हां त्यांच्या बरगड्या मोजतां येतात.

यावर उपाय म्हणून अलीकडे बाजारांत विकरांच्या पुड्या मिळतात. विकर म्हणजे अन्नाचे बारीक घटक करणारें पाचक द्रव्य. सेल्युलेज व झायलानेज हीं विकरें ट्रायकोडर्मासारख्या बुरशीपासून काढतात आणि तीं चाऱ्यांतील तंतु तोडतात, हें खरें. परंतु रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटांतील असंख्य सूक्ष्म जीव हींच विकरें रात्रंदिवस तयार करीत असतात. बाहेरून दिलेल्या विकरांचा कांहीं भाग तर ते जीवच पचवून टाकतात. म्हणून कोंबड्यांच्या खाद्यांत विकरांचा जो गुण दिसतो, तो गाई-बैलांत तितक्या नेमानें दिसत नाहीं. प्रयोगांचे निकाल कधीं अनुकूल, तर कधीं शून्य आले आहेत.

तणसाची खरी अडचण निराळी आहे. त्यांत सिलिका पुष्कळ असते, लिग्निन तंतूंस आंवळून धरतें, आणि या विकरांनीं लिग्निन तुटत नाहीं. शिवाय प्रथिनें अवघीं ३ ते ४ टक्के, त्यामुळें पोटांतील जीवच अर्धपोटीं राहतात. अशा स्थितींत नुसती पुडी देणें म्हणजे उपाशी मजुरांच्या हातीं आणखी विळे देणें होय.

यास्तव आधीं तणस सुधारावें. १०० किलो कोरड्या तणसास ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यांत विरघळवून थराथरानें शिंपडावा, तुडवून ताडपत्रीनें हवाबंद झांकावें व २१ दिवस ठेवावें. युरियापासून निघालेल्या अमोनियानें तंतु मऊ होतात आणि प्रथिनांचा अंश सुमारें ७ टक्क्यांपर्यंत चढतो. काढलेलें तणस तासदोन तास वाऱ्यावर पसरून, प्रथम थोडें व मग वाढवीत द्यावें. सहा महिन्यांखालील वासरांस तें देऊं नये. युरियाचें पाणी जनावराच्या तोंडीं कदापि लागूं देऊं नये. तें विष आहे. पोट फुगून जनावर थरथरूं लागल्यास गुरांच्या डॉक्टरास तत्काळ बोलवावें.

एवढें केल्यावर विकरें वापरून पाहण्यास आमची हरकत नाहीं. तीं ओलसर चाऱ्यावर, खाऊं घालण्यापूर्वीं शिंपडावीं. चार सारख्या दुभत्या गाईंपैकीं दोघींस महिनाभर देऊन दूध मोजून लिहून ठेवावें. दुसऱ्या महिन्यांत अदलाबदल करावी. वाढलेल्या दुधाची किंमत पुडीच्या किंमतीहून अधिक भरली, तरच ती पुन्हां घ्यावी. जाहिरातीपेक्षां आपल्या गोठ्यांतील मापावर विश्वास ठेवावा, एवढीच शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे.