मुख्याध्यापक जिथे मतदानात हरतात

इंग्लंडमधल्या समरहिल शाळेच्या सभेत एकदा खुद्द मुख्याध्यापकांनी ठराव मांडला : सोळा वर्षांखालच्या कुणीही सिगारेट ओढू नये. ए. एस. नील हे त्यांचं नाव, मूळचे स्कॉटलंडचे. सिगारेट हे विष आहे इथपासून सगळे मुद्दे त्यांनी मांडून पाहिले. ठराव मोठ्या फरकाने पडला. मग सोळा वर्षांच्या एका मुलाने ही वयाची अट बारावर आणली आणि तो ठराव मंजूर झाला. पुढच्याच आठवड्यात बारा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. कडक शाळांतल्या पोरांसारखं आम्ही आता संडासात लपून ओढतो, हे समरहिलला शोभत नाही, असं त्याने सांगितलं. सभेने वाहवा केली आणि नियम रद्द झाला.

मुलांच्या सिगारेटचा प्रश्न आज कुणी मतदानाला टाकू नये, असं मला ठामपणे वाटतं. तरीही नीलनी स्वतःच्या पुस्तकात नोंदवलेला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्या हातात शाळा आहे तो माणूस हरला आणि त्याने हार मानली. सामूहिक निर्णयाच्या गप्पा सगळीकडे चालतात. त्यात प्रमुखाला हरण्याची सोय आहे की नाही, एवढंच मी आधी पाहते.

समरहिलची सुरुवात 1921 साली जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ इथे झाली. तिथून शाळा ऑस्ट्रियात गेली, मग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिसला. तिथल्या घराचं नाव समरहिल होतं, तेच शाळेला चिकटलं. 1927 पासून ती सफक परगण्यातल्या लेस्टन गावी आहे. निवासी शाळा, पटसंख्या लहान. तासाला बसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, यामुळे ती जगभर गाजली. या गाजण्यात शाळेची खरी रचना झाकली गेली. समरहिलचा कणा म्हणजे तिची सभा.

नीलच्या काळात ही सभा शनिवारी संध्याकाळी भरायची. अध्यक्ष दर वेळी नवा, आधीच्या अध्यक्षाने नेमलेला. मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक सगळ्यांना एकेक मत. सात वर्षांच्या पोराच्या मताची किंमत नीलच्या मताइतकीच. झोपायच्या वेळांपासून दुसऱ्याची वस्तू न विचारता नेण्यापर्यंत एकत्र राहण्याचे सगळे नियम इथेच ठरायचे आणि मोडणाऱ्याचा निवाडाही इथेच व्हायचा. शिक्षा म्हणजे बहुधा खाऊच्या पैशांतून दंड, नाहीतर जेवणातला गोड पदार्थ बंद.

एका निवाड्याचं वर्णन नीलनी केलं आहे. एका मुलाने दुसऱ्याच्या सायकलचे पेडल काढून आपल्या सायकलला लावले, कारण त्याला इतरांबरोबर सहलीला जायचं होतं. सभेने निकाल दिला : पेडल परत बसव आणि सहल रद्द. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे कुणाची हरकत आहे का विचारलं, तर तो मुलगा उसळलाच. ती जुनी सायकल कित्येक दिवस झुडपांत पडून होती, ती कुणी वापरतं हे मला काय माहीत! चर्चा पुन्हा सुरू झाली आणि बोलता बोलता कळलं की त्याला घरून येणारे पैसे सहा आठवडे आलेलेच नाहीत. खिशात दमडी नाही. सभेने शिक्षा मागे घेतली, मुलांनी वर्गणी काढली, नवे पेडल आले आणि तो सहलीला गेला. कार्यालयात एकट्या मुख्याध्यापकांपुढे उभं राहून हे त्याने सांगितलं असतं का, मला शंका आहे.

सभेच्या अधिकारालाही कुंपण होतं. शिक्षक नेमणं आणि काढणं नीलच्या हातात. झोपण्याच्या खोल्यांची वाटणी, जेवणाचे पदार्थ आणि बिलं त्यांच्या पत्नी पाहायच्या. हे उघडपणे ठरलेलं होतं, म्हणून कुणाची फसवणूक नव्हती. सगळं तुम्हीच ठरवा असं म्हणून मागच्या दाराने निर्णय फिरवणं मुलांना लगेच कळतं, आणि पुढच्या सभेत ती तोंड उघडत नाहीत.

नील 1973 साली गेले. पत्नी एना यांनी शाळा चालवली, 1985 पासून धुरा मुलगी झोई रेडहेड यांच्याकडे आली. 1999 साली ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेच्या तपासणीनंतर शाळेला नोटीस मिळाली. तासाची सक्ती नसणं सरकारला मुळीच मान्य नव्हतं. शाळा लवादापुढे गेली. मार्च 2000 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये सुनावणी चालू असताना तडजोडीचा मसुदा समोर आला. शाळेचं अस्तित्व टांगणीला लागलेलं. अशा वेळीही मुलांना वगळून होकार दिला गेला नाही. न्यायालयाच्या दालनातच शाळेची सभा भरली, मसुद्यावर चर्चा झाली, मतदान झालं आणि मगच तो स्वीकारला गेला.

समरहिल ही फी घेणारी खासगी शाळा आहे; दोन शिक्षकांवर चार वर्ग चालवणाऱ्या आपल्या शाळेने तिची नक्कल करावी असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे कायदा तरी कुठे कमी आहे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या सदस्य महिला हव्यात असं सांगितलं, शाळा विकास आराखडा करण्याचं कामही समितीवर सोपवलं. तरी कित्येक ठिकाणी इतिवृत्ताची वही सह्यांपुरती घरोघर फिरते. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक हौसेने होते, पण आरोग्यमंत्र्याच्या वाट्याला नखं तपासण्याचं काम येतं, निर्णय येत नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. या सत्रात एक विषय पूर्णपणे सभेवर सोडा : सहल कुठे न्यायची, वाचनालयासाठी कोणती पुस्तकं घ्यायची, मैदान कोणत्या वर्गाला कधी मिळणार, काहीही. मुलं, शिक्षक, पालक सगळ्यांना सारखं मत द्या. आणि निकाल तुमच्या मनाविरुद्ध गेला, तरी तो फळ्यावर तसाच लिहा आणि अमलात आणा.