बाळ ओढत नाही

‘काल छान ओढत होतं, आज तोंडच लावत नाही.’ नवजात बाळाच्या रक्तातल्या जंतुदोषाचं, म्हणजे सेप्सिसचं निदान बऱ्याचदा आईच्या अशा एखाद्या वाक्यापासून सुरू होतं. तापाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. मोठी माणसं जिथे फणफणतात तिथे हे बाळ, त्यातून कमी दिवसांचं असेल तर, उलट गार पडतं. रडणं क्षीण होतं, हातपाय लुळे पडतात, पोट फुगतं. घरात मात्र ‘किती गुणी, रडत नाही’ असं कौतुक चाललेलं असतं!

पंचाईत अशी, की हीच लक्षणं इतर कारणांनीही दिसतात. सिझेरियनचं बाळ जन्मल्याबरोबर भराभरा श्वास घेऊ लागलं, तर बऱ्याचदा फुप्फुसातलं पाणी पुरतं शोषलं गेलेलं नसतं. ती धाप बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. मधुमेही आईचं बाळ थरथरत असेल तर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन आधी साखर पाहायची. पण साखर कमी निघाली म्हणून जंतुदोष नाही असं म्हणता येत नाही; जंतुदोषातही ती उतरते. सगळ्यांत फसवं सोंग हृदयाचं. काही जन्मजात दोषांत बाळ गर्भातल्या एका रक्तवाहिनीच्या जोरावर तगलेलं असतं. पाचवी पुजायच्या सुमाराला ती मिटते आणि धडधाकट दिसणारं बाळ पांढरंफटक पडतं. जांघेतली नाडी चाचपणं, हातापायांतला ऑक्सिजन मोजणं ही दोन मिनिटांची कामं आहेत. घाईत नेमकी तीच राहतात.

मग रक्त तपासून सोक्षमोक्ष लागत नाही का? कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं, हा भरवशाचा साक्षीदार, पण त्याला किमान 1 मिलिलिटर रक्त हवं आणि उत्तराला दीड-दोन दिवस. बाळाकडे तेवढा अवधी नसतो. रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी चढायलाच काही तास घेतो, त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही. शिवाय अवघड बाळंतपणानंतर तो जंतूंशिवायही वाढतो. त्याच कामाचं प्रोकॅल्सिटोनिन तर पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळातही वरच असतं. म्हणून कल्चरसाठी रक्त काढून घ्यायचं आणि संशयावरच अँटिबायोटिक सुरू करायचं.

ते सुरू करायला फार धाडस लागत नाही. डॉक्टरचा कस लागतो ते थांबवताना. कल्चर कोरं आलं, बाळ तरतरीत आहे, तरी ‘असू दे अजून पाच दिवस’ म्हणायचा मोह होतो. त्याची किंमत दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 दरम्यान झालेल्या अभ्यासात दिसते: सर्वाधिक सापडलेला जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर होता आणि त्यातले बहुतेक अनेक औषधांना दाद देत नव्हते.

प्रयोगशाळाच नसेल तर? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत आरोग्यदूतांना घरोघर जाऊन नवजात बाळातला जंतुदोष लक्षणांवरून ओळखायला शिकवलं. भर होता बदलावर: आधी नीट ओढणारं बाळ आता ओढत नाही, आधी जोरात रडणारं आता क्षीण रडतं. ठरवलेल्या खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या, की आईबापांना दवाखाना सुचवायचा. ते शक्य नसेल तर त्यांच्या संमतीनं घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. जंतुदोष झालेल्या 100 बाळांपैकी पूर्वी सुमारे 17 दगावत. उपचार मिळू लागल्यावर सुमारे 3.