बाहेर घामाच्या धारा, आत डक्टमध्ये हीटर : तारापूरच्या कारखान्यांना हे यंत्र का लागतं आणि ते कधी घात करतं?

जुलैतली सकाळ. डहाणू रोडकडून आलेली लोकल वाणगावला थांबते आणि पहिल्या शिफ्टला निघालेली मंडळी डब्यात घुसतात. पुढचंच स्टेशन बोईसर. तिथून रिक्षाने तारापूर एमआयडीसी. छत्री असूनही अर्धं अंग पावसाने ओलं, उरलेलं घामाने. पण यातलाच एखादा कामगार गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या कारखान्यात शिरतो, कपडे बदलून आतल्या खोलीत जातो, तेव्हा तिथली हवा एकदम थंड आणि कोरडी असते.

ही हवा कोरडी ठेवण्यासाठी अनेक ठिकाणी छताच्या वरच्या डक्टमध्ये एक इलेक्ट्रिक हीटर चालू असतो. होय, एसीच्या डक्टमध्ये हीटर. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे साधं विज्ञान आहे. आणि हाच हीटर चुकीचा बसवला किंवा त्याच्या सुरक्षेशी खेळ केला, तर तो आगीचं कारण ठरू शकतो.

एसी असताना हीटर कशाला?

पावसाळ्यात पालघरच्या किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. औषध कारखान्यात हे चालत नाही. जिलेटिनच्या कॅप्सूल दमट हवेत मऊ होऊन एकमेकींना चिकटतात, पावडरचे गोळे होतात. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’मध्येही औषध उत्पादनाच्या जागेतलं तापमान आणि आर्द्रता यांवर नियंत्रण अपेक्षित आहे.

हवेतलं पाणी काढायचं तर ती आधी थंड करावी लागते. एअर हँडलिंग युनिट, म्हणजे एएचयूमधल्या थंड कॉइलवरून हवा गेली की थंड पाण्याच्या बाटलीवर जमतात तसे थेंब कॉइलवर जमतात आणि पाणी निघून जातं. पण कॉइलमधून बाहेर पडलेली हवा साधारण १२ अंशांवर आणि जवळपास १०० टक्के आर्द्र असते. तशीच खोलीत सोडली तर कामगार कुडकुडतील आणि खोली दमटच राहील.

मग हीच हवा थोडी गरम करतात. १२ अंशांची ओलसर हवा २२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता साधारण ५३ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढलेली असते. या कामाला ‘रीहीट’ म्हणतात. थंडीच्या देशांत डक्ट हीटर ऊब देण्यासाठी लावतात. आपल्याकडे तो मुख्यतः दमटपणा घालवण्यासाठी लागतो.

हेअर ड्रायरचं तोंड हाताने झाकलं तर?

डक्ट हीटर म्हणजे मोठा हेअर ड्रायर. गरम होणारी कॉइल आणि तिच्यावरून वाहणारी हवा. ड्रायरचं तोंड हाताने झाकलं तर काही क्षणांत तो प्रचंड तापतो आणि आतला कटआऊट त्याला बंद करतो. कारण हवा फक्त गरम होत नसते, ती कॉइलची उष्णता वाहूनही नेत असते.

आता हेच कारखान्याच्या मापात. डक्टमधून सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे साधारण २,१०० सीएफएम हवा वाहत असेल, तर ती १० अंशांनी गरम करायला सुमारे १२ किलोवॅटचा हीटर लागतो. घरातले २ किलोवॅटचे ६ गीझर एकदम चालू केल्यासारखं. हवा निम्मी झाली तर तापमान १० ऐवजी २० अंशांनी वाढतं. पाव झाली तर ४० अंशांनी. आणि हवा पूर्ण थांबली तर उष्णतेला जायला जागाच उरत नाही. कॉइल लाल होते, आजूबाजूचा पत्रा तापतो, डक्टमधली धूळ जळू लागते.

डक्ट हीटरच्या सुरक्षेचा सगळा पसारा म्हणूनच एका नियमाभोवती फिरतो : हवा थांबली की हीटर बंद झालाच पाहिजे.

हवा थांबते कशी?

फॅन बंद पडला, एवढंच कारण नसतं. चार गोष्टी नेहमी घडतात.

पहिली, फॅनचा बेल्ट तुटतो. मोटर फिरत राहते, पॅनेलवर हिरवा दिवा तसाच दिसतो, पण हवा नसते.

दुसरी, फिल्टर तुंबतो. औषधांची पावडर किंवा तारापूरच्या कापड प्रक्रिया कारखान्यांतला सुताचा भुगा जमत जातो आणि हवा हळूहळू कमी होते.

तिसरी, डॅम्पर बंद होतो. फॅन चालू, बेल्ट शाबूत, पण पुढचा रस्ताच बंद.

चौथी, वीज जाते. फॅन आणि हीटर एकाच क्षणी बंद पडतात, पण तापलेली कॉइल लगेच थंड होत नाही. साठलेली उष्णता जागच्या जागी राहते.

संरक्षणाच्या भिंती किती?

चांगल्या जोडणीत एकामागोमाग एक अशा चार भिंती असतात.

१. फॅन इंटरलॉक : फॅनच्या कॉन्टॅक्टरमधूनच हीटरला परवानगी मिळते. फॅन बंद, तर हीटर बंद. पण बेल्ट तुटला तर ही भिंत आंधळी ठरते.

२. हवा प्रत्यक्ष वाहते का हे पाहणारा स्विच : हा दाबातला फरक मोजतो. तो कुठे जोडला हे महत्त्वाचं. फक्त फॅनच्या दोन बाजूंना जोडला, तर डॅम्पर बंद असतानाही दाब दिसतो आणि स्विच फसतो. म्हणून डॅम्परलाही स्वतःचा लिमिट स्विच हवा. डॅम्पर उघडा असल्याची खात्री झाल्याशिवाय हीटर सुरू होता कामा नये.

३. आपोआप पूर्ववत होणारा थर्मल कटआऊट : तापमान वाढलं की हीटर तोडतो, थंड झालं की पुन्हा जोडतो.

४. हाताने रीसेट करावा लागणारा कटआऊट : तिसरी भिंतही कोसळली तर हा तोडतो आणि कुणी प्रत्यक्ष येऊन बटण दाबल्याशिवाय जोडत नाही. हा त्रास मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे कुणीतरी येऊन बिघाड काय ते पाहील.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतही डक्ट हीटरसाठी फॅनशी इंटरलॉक, तापमानाची मर्यादा राखणारी उपकरणं आणि कॉइलच्या संपूर्ण तोंडावर सारखी, पुरेशी हवा या अटी आहेत.

यात एक बारकावा नेहमी सुटतो. बऱ्याच ठिकाणी हीटरचं तापमान सॉलिड स्टेट रिले किंवा थायरिस्टरने कमी-जास्त करतात. ही उपकरणं बिघडली की अनेकदा ‘चालू’ स्थितीतच अडकतात. म्हणून कटआऊटने त्यांना नुसता सिग्नल देऊन भागत नाही. त्यांच्या आधी एक वेगळा कॉन्टॅक्टर हवा आणि कटआऊटने थेट तो पाडायला हवा.

शिवाय हीटर बंद केल्यावर फॅन आणखी काही मिनिटं चालू ठेवणारा टायमर लागतो. वीज परत आल्यावरचा क्रमही ठरलेला असावा : आधी फॅन, मग हवेची खात्री, मग हीटर.

बसवताना जागा कशी निवडायची?

फॅनच्या तोंडाला किंवा डक्टच्या वळणाला चिकटून हीटर बसवला तर हवा एका बाजूने जोरात जाते आणि दुसऱ्या बाजूची कॉइल उपाशी राहते. सरळ डक्टमध्ये, उत्पादकाने सांगितलेलं अंतर सोडूनच तो बसवावा. हवेचा किमान वेगही माहितीपुस्तकात दिलेला असतो. अनेक हीटरसाठी तो सेकंदाला १.५ मीटरच्या आसपास असतो.

थंड कॉइलच्या अगदी जवळही नको, कारण तिथले पाण्याचे थेंब उडून तापलेल्या हीटरवर पडतात. फिल्टर, कॅनव्हासचा जोड आणि फोमचं इन्सुलेशन हीटरपासून लांब हवं. हीटरभोवतीच्या भागात जीआय पत्र्याचा डक्ट आणि न जळणारं रॉक वूलसारखं इन्सुलेशन लागतं. जोडणीच्या पेटीचं झाकण उघडायला जागा हवी. छतात पेटी गाडली की पुढे तिची तपासणी कुणी करत नाही.

वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. १२ किलोवॅटचा तीन फेज हीटर ४१५ व्होल्टवर साधारण १७ अँपिअर घेतो. केबल, ब्रेकर, अर्थिंग आणि गळतीपासून संरक्षण हे सगळं त्या हिशेबाने हवं.

पावसाळ्याआधी मेगर का मारायचा?

नळीसारख्या हीटरमध्ये तार आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते. ती हवेतला ओलावा शोषते. हिवाळा-उन्हाळ्यात महिनोन्‌महिने बंद असलेला हीटर जूनमध्ये एकदम सुरू केला की गळती होऊन ब्रेकर ट्रिप होतो. समुद्राच्या खारट हवेत टर्मिनलही गंजतात. म्हणून सीझनच्या सुरुवातीला मेगरने इन्सुलेशन तपासणं, गरज पडल्यास हीटर आधी कोरडा करणं आणि स्क्रू आवळणं हे काम पहिल्या पावसाआधीच उरकायला हवं.

‘डायरेक्ट करून टाक’

खरा धोका बहुतेक वेळा इथे सुरू होतो. वीज वारंवार जाते. दर वेळी साठलेल्या उष्णतेने चौथा कटआऊट पडतो. मेंटेनन्सवाल्याला रात्री शिडी लावून छतात शिरावं लागतं. आर्द्रता वाढली म्हणून प्रोडक्शन थांबलेलं, वरून फोन चालू. मग कुणीतरी म्हणतं, “डायरेक्ट करून टाक.” वायरचा एक तुकडा, दोन टर्मिनल, काम झालं. हीटर सुरू, सगळे खूश.

त्या क्षणापासून शेवटची भिंत नाहीशी झालेली असते. पॅनेलवर सगळं ठीक दिसतं. बेल्ट तुटेपर्यंत काहीच घडत नाही.

कटआऊट सारखा पडतोय, म्हणजे काहीतरी दुरुस्त करायचं राहिलंय : फिल्टर तुंबलाय, हवा कमी आहे, हीटर गरजेपेक्षा मोठा आहे किंवा फॅनला जनरेटरचा आधार नाही. इलाज तिथे करायचा असतो.

डक्टमधली आग वेगळी का?

डक्ट हा इमारतीतला आयता रस्ता आहे. एका ठिकाणचा धूर फॅन दुसऱ्या खोल्यांत पोहोचवतो. याच पालघर जिल्ह्यात २३ एप्रिल २०२१ रोजी विरारमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत पहाटे आग लागली आणि किमान १३ रुग्णांचा जीव गेला. आग एसी यंत्रणेत लागल्याची प्राथमिक माहिती तेव्हा समोर आली होती. तिथे डक्ट हीटरचा संबंध नव्हता. पण बंद, वातानुकूलित जागेत आग लागल्यावर माणसांच्या हाती किती कमी वेळ उरतो, हे त्या पहाटेने दाखवलं.

म्हणूनच डक्ट आगरोधक भिंतीतून जातो तिथे फायर डॅम्पर लागतो आणि धुराचा इशारा मिळताच एएचयू व हीटर दोन्ही बंद व्हावे लागतात. इथे फॅन काही मिनिटं चालू ठेवणारा टायमरही बाजूला पडायला हवा. आगीच्या वेळी फॅन चालू राहिला तर धूर पसरतो.

कुठे हीटर नकोच?

जिथे सॉल्व्हंटची वाफ हवेत मिसळते, तिथे साधा डक्ट हीटर बसवणं म्हणजे ठिणगीला आमंत्रण. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. अशा जागी स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित उपकरणंच वापरावी लागतात. कारखान्यात बॉयलर असेल तर गरम पाण्याची किंवा वाफेची कॉइल हा चांगला पर्याय. ती लाल होत नाही आणि वीजबिलही वाचतं, कारण रीहीटमध्ये हवा आधी पैसे देऊन थंड करायची आणि मग पैसे देऊन गरम करायची असते.

तुमच्या प्लांटमध्ये काय तपासाल?

एक चाचणी पुरेशी बोलकी आहे आणि ती परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायची. हीटर चालू असताना फॅन बंद करायचा आणि हीटरच्या अँपिअर मीटरकडे बघायचं. आकडा लगेच शून्यावर आला पाहिजे. मग फॅन चालू ठेवून डॅम्पर बंद करायचा. तेव्हाही शून्यच यायला हवा. दोन्हीपैकी एकदा जरी काटा हलला नाही, तर हीटरचा मेन स्विच तिथेच पाडायचा आणि पॅनेल उघडून ‘डायरेक्ट’ केलेली वायर शोधायची.