गावात विकला जाणारा वर्ग

१४ सप्टेंबर १९०८ या दिवशी अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात पत्रकारितेची शाळा सुरू झाली आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा पहिला अंकही निघाला. नाव ‘युनिव्हर्सिटी मिसूरियन’. पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान उलटण्याआधी पोरांच्या हाताला शाई लागली होती. जगातली पहिली पत्रकारिता शाळा म्हणून मिसूरीचं नाव घेतलं जातं. पॅरिसमधल्या एका शाळेचा दावा त्याहून जुना आहे, पण विद्यापीठाच्या छत्राखाली, गावासाठी रोजचा पेपर काढत शिकवायचं, ही रीत मात्र मिसूरीचीच.

ती घालून दिली वॉल्टर विल्यम्स यांनी. शाळेचे हे पहिले डीन स्वतः कधी कॉलेजात गेले नव्हते. बूनव्हिल गावात छापखान्यातला पोऱ्या म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली, तिथून चढत ते संपादक झाले. पुढे १९३१ मध्ये ते याच विद्यापीठाचे अध्यक्षही झाले. ‘बातमीदारी कचेरीतच शिकावी, कॉलेजात ती येत नाही’ असं त्या काळचे कितीतरी संपादक ठामपणे म्हणत. विल्यम्स यांनी त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी कचेरीच कॉलेजात आणून बसवली. मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं.

विद्यापीठ ज्या कोलंबिया गावात आहे, तिथे ‘कोलंबिया डेली ट्रिब्यून’ हा जुना पेपर आधीपासून होता. म्हणजे मुलांच्या पेपरला पहिल्यापासून खरा प्रतिस्पर्धी मिळाला. नगर परिषद, शाळा मंडळ, पोलीस, कोर्ट अशी बीटं मुलांकडे असतात, आणि त्यांची कॉपी तपासणारे संपादकच त्यांचे प्राध्यापक. नाव चुकलं तर लाल शाईच्या खुणेवर भागत नाही. ज्याचं नाव चुकलं तो त्याच गावात राहतो, फोन करतो, आणि पेपरला दुरुस्ती छापावी लागते. बातमीची खातरजमा म्हणजे काय, हे तो एक फोन जितकं शिकवतो तितकं कुठलंच व्याख्यान शिकवत नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. सरकारी पैशावर चालणारं विद्यापीठ जाहिराती घेऊन पेपर कसा काढतं, असा आक्षेप आला, तेव्हा प्रकाशनासाठी वेगळी संस्था उभारली गेली. १९५३ मध्ये विद्यापीठाने ‘केओएमयू’ ही दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. ती एनबीसीशी जोडलेली व्यापारी वाहिनी, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी, आणि तिच्या बातम्यांसाठी विद्यार्थी राबतात. जाहिरात आणि जनसंपर्क शिकणाऱ्यांसाठी ‘अ‍ॅडझू’ नावाची एजन्सी आहे. तिच्याकडे ग्राहक खरे येतात आणि मोहीम आवडली नाही तर तसं तोंडावर सांगतात.

या शाळेच्या गौरवकथेत एक पान काळं आहे आणि ते गाळून पुढे जाणं मला पटत नाही. कॅन्सस सिटीच्या ‘द कॉल’ या कृष्णवर्णीय समाजाच्या पेपरात काम करणाऱ्या ल्युसिल ब्लूफर्ड यांनी १९३९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज केला. तो मंजूर झाला. नाव नोंदवायला त्या स्वतः गेल्या, तेव्हा त्यांचा वर्ण पाहून त्यांना परत पाठवण्यात आलं. त्या पुन्हा पुन्हा गेल्या, कोर्टात लढल्या. १९४२ मध्ये शाळेने पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमच बंद केला. जी संस्था मुलांना सत्य तपासून छापायला शिकवत होती, तिला स्वतःच्या दारात उभी असलेली एक पत्रकार चालली नाही. ब्लूफर्ड थांबल्या नाहीत. ‘द कॉल’चं संपादन त्यांनी अनेक दशकं केलं. १९८९ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

आपल्याकडेही हे शिक्षण अमेरिकी वाटेने आलं. सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली १९५२-५३ मध्ये फुलब्राइट व्याख्याते म्हणून नागपुरात आले आणि हिस्लॉप कॉलेजात त्यांनी पत्रकारिता विभाग उभा केला. पुढे पुणे, मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर इथल्या विद्यापीठांतही विभाग झाले. मराठी वर्तमानपत्रांतली आणि वाहिन्यांवरची कितीतरी माणसं तिथे घडली. मात्र आपल्याकडे विद्यार्थ्यांचा प्रायोगिक अंक बहुधा विभागातच वाटला जातो. त्यात बातमी चुकली तर गुण कापले जातात. पण ज्याच्याविषयी ती आहे तो माणूस अंक हातात घेऊन विभागाच्या दारात येत नाही. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी पंचायत समितीच्या सभा, बाजार समितीचे भाव आणि एसटी डेपोचं वेळापत्रक नेमाने छापणारा, चौकातल्या स्टॉलवर पैसे देऊन विकत घेतला जाणारा पेपर एखाद्या मराठी विभागाने चालवलेला मला बघायचा आहे.